दोरी ओढून ओढून खांदा दुखला, तरी होडीची मोटर सुरू का होत नाही?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. ती संपली, नारळी पौर्णिमा झाली, की झाकून ठेवलेल्या आऊटबोर्ड मोटरी, म्हणजे लहान होडीच्या मागच्या फळीला अडकवायची यंत्रं, पुन्हा बाहेर निघतात. थोड्याच दिवसांत पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्याही सुरू होतात. आणि मग तोच प्रकार. दोरी ओढली, खर्रर्र आवाज झाला, पुन्हा शांतता. दहा वेळा, वीस वेळा.

किनाऱ्यावर असताना यावर हसता येतं. पण खाडीच्या मुखाशी मोटर बंद पडली आणि ओहोटीचं पाणी होडीला बाहेर खेचत असलं, की प्रश्न जिवाचा होतो. अशा वेळी माणूस आणखी जोर लावतो. बहुतेकदा उपयोग होत नाही, कारण अडचण जोराची नसतेच.

दोरी ओढल्यावर आत काय होतं?

लहान मोटरला बॅटरी लागत नाही. दोरी ओढली की वरचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, फिरतं. त्यातले चुंबक कॉइलजवळून वेगाने जातात, वीज तयार होते आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. चाक हळू फिरलं तर ठिणगी कमजोर पडते किंवा पडतच नाही. म्हणून इथे ताकदीपेक्षा वेग महत्त्वाचा. आधी दोरी हलकेच ओढायची, अडल्यासारखी लागली की तिथून एका झटक्यात, सरळ रेषेत खेचायची. नंतर हातातून सोडून द्यायची नाही, धरूनच आत जाऊ द्यायची. दोरी तुटण्याचं आणि आतली स्प्रिंग बिघडण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

दोरी सहज येते, पण मोटर पेटत नाही

सगळ्यात आधी लाल दोरीचा किल स्विच पाहावा. चालवणारा पाण्यात पडला तर मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून त्याची क्लिप असते. ती जागेवर नसेल तर ठिणगी पडतच नाही, मग शंभर वेळा ओढा. हे इतकं साधं आहे की अनुभवी लोकही विसरतात.

दुसरी जागा पेट्रोलच्या टाकीचं झाकण. त्यावर हवेचा छोटा स्क्रू असतो. तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल पुढे येत नाही. मोटर सुरू होऊन थोड्या वेळाने दम तोडत असेल, तरी आधी इथेच बघावं. नळीतला रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबावा. दाबूनही तो मऊच राहत असेल तर नळी कुठेतरी हवा ओढतेय.

मोटर थंड असेल तर चोक लागतो. पण चोक ओढून ठेवून सतत खेचत राहिलं की सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त होतं, वास येतो आणि प्लग ओला होतो. मग चोक आत ढकलून, थ्रॉटल उघडा ठेवून काही वेळा ओढावं. तरीही नाही जमलं तर प्लग काढून पुसून, सुकवून लावावा. ठिणगी तपासायला प्लग उघड्यावर धरून दोरी ओढायची सवय अनेकांना आहे. आसपास पेट्रोलची वाफ असताना ती आग लावू शकते.

जुनं पेट्रोल

बंदीनंतरच्या त्रासाचा मोठा गुन्हेगार हाच. दोन महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो. उरलेल्याचा चिकट थर कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल असलेलं ई-२० पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आलं. बहुतेक आऊटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांत मर्यादा मात्र १० टक्क्यांची असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलावा काही कमी नसतो. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं आणि मोटर नेमकं तळातूनच ओढते. म्हणून मोटर ठेवून देताना नळी काढून कार्बुरेटर रिकामा होईपर्यंत ती चालवायची (थंड होण्यासाठी पाणी मिळत असतानाच) आणि हंगामात ताजं पेट्रोल भरायचं.

टू-स्ट्रोक मोटरमध्ये ऑइलचं प्रमाणही बघावं. अनेक मोटरींना ५०:१ लागतं, म्हणजे १० लिटरला २०० मिली. अंदाजाने जास्त ओतलं तर प्लग काजळतो.

केरळात अनेक मच्छीमार मोटर पेट्रोलवर सुरू करतात आणि मग केरोसीनवर चालवतात, कारण थंड यंत्रात केरोसीनची वाफ सहज होत नाही. बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणायला विसरलं, की पुढच्या वेळी दोरीशी झटापट ठरलेली.

दोरीच हलत नाही

हा वेगळा आजार, आणि इथे जोर लावणं धोक्याचं. बऱ्याच मोटरी गिअरमध्ये असताना दोरी मुद्दाम अडवतात, म्हणून आधी न्यूट्रल. त्यानंतरही हलत नसेल तर प्लग काढून हळू ओढून बघावं. आता सहज आली तर सिलिंडरमध्ये पाणी, पेट्रोल किंवा ऑइल साचलं असण्याची शक्यता आहे. फोर-स्ट्रोक मोटर चुकीच्या कुशीवर आडवी ठेवली तर ऑइल तिथे उतरतं. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो आणि जबरदस्तीने आतला दांडा वाकू शकतो. प्लग काढूनही दोरी अडत असेल तर खाऱ्या हवेने धरलेला स्टार्टर किंवा जाम झालेलं इंजिन. हे काम मेकॅनिकचं.

पाण्यात असताना

पाणी उथळ असेल तर दोरीला हात लावण्याआधी नांगर टाकावा. होडी एका जागी राहिली की शांतपणे तपासायला वेळ मिळतो. लाइफ जॅकेट घालावं. उभं राहून खेचताना तोल जातो आणि कोपर मागच्याला लागतो, म्हणून मागे कोणी बसू नये. दोरी तुटली तर झाकण काढून फ्लायव्हीलच्या खाचेत गाठ अडकवून सुट्या दोरीनेही मोटर सुरू करता येते. पण तेव्हा गिअरची अडवणूक काम करत नाही आणि चाक उघडं फिरत असतं, त्यामुळे न्यूट्रल स्वतः तपासावं आणि सैल कपडे दूर ठेवावेत.

पाच-सहा प्रयत्नांत जमलं नाही आणि होडी वाहत चालली असेल, तर मोबाइलला रेंज असेपर्यंतच तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा सागरी पोलिसांना १०९३ वर फोन करावा. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६.