केशरंजन

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या कांदिवलीच्या घरीं एक लहानसा उत्पात घडला. आमची कन्या सकाळपासून न्हाणीघराचें दार लावून बसली होती. तें उघडलें तेव्हां फरशीवरून निळ्या पाण्याचे ओघळ वाहत होते, आणि तिचे केस मोराच्या मानेसारखे निळे झाले होते. आम्ही इतिहासाचे अध्यापक. प्रसंग कितीही घरगुती असला तरी त्याची पूर्वपीठिका शोधण्याची आम्हांस खोड आहे. परंतु त्या घटकेस इतिहास आठवला नाहीं, केवळ संताप आला, व "हें काय आरंभलें आहेस?" एवढेंच तोंडांतून निघालें. तिनें शांतपणें विचारलें, "बाबा, तुमच्या केसांचा रंग तरी तुमचा आहे कां?"

प्रश्न वर्मीं लागला. कारण गेलीं बारा वर्षें दर महिन्याच्या एका रविवारीं आम्हीही त्याच न्हाणीघरांत, दार लावूनच, काळ्या रंगाची पुडी वाटींत कालवीत आलों आहों.

केस काळे करण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिराची बृहत्संहिता ग्रहनक्षत्रांच्या फलांसाठीं प्रसिद्ध आहे. पण तिच्यांतील गंधयुक्तीच्या अध्यायाचा आरंभ होतो तो केशरंजनानें. डोकें पांढरें झालेल्या माणसास माळा, सुगंध, वस्त्रें आणि अलंकार शोभत नाहींत, तेव्हां केस रंगविण्याकडेही लक्ष द्यावें, असा आचार्यांचा अभिप्राय आहे. कृति अशी: कोद्रवाचे दाणे, ज्यांस कोंकणांत हरीक म्हणतात, ते लोखंडी भांड्यांत लोहचूर्णासह आंबट द्रवांत शिजवून बारीक वाटावे. प्रथम केसांस आंबट द्रव लावून मग हा लेप द्यावा व वर ओलीं पानें बांधावीं. दोन प्रहरांनीं तो काढून आवळ्याचा लेप द्यावा, पुन्हा तितकाच वेळ पानें बांधावीं आणि शेवटीं डोकें धुवावें. त्यानंतर लोखंडाचा आणि आंबटाचा वास घालविण्यासाठीं सुगंधी द्रव्यें वापरावीं, हें सांगण्यासही आचार्य विसरलेले नाहींत. अर्धा दिवस डोक्याला पानें गुंडाळून बसलेल्या त्या काळच्या एखाद्या प्रौढ नागरकाचें चित्र डोळ्यांपुढें आणलें म्हणजे आमच्या रविवारची लाज कांहींशी कमी होते.

या कृतींतील रसायन अगदीं खरें आहे. आंबट द्रवांत विरघळलेलें लोह व आवळ्यांतील तुरट द्रव्य यांचा संयोग झाला कीं काळा रंग तयार होतो. जुनी लेखनाची शाईही याच संयोगानें होत असे. आमची आई लोखंडी कढईंत मेंदी, आवळकाठी व चहाचें पाणी रात्रभर भिजत घालीत असे. वराहमिहिराचें नांव तिनें पंचांगाच्या संदर्भांत ऐकलें असेल इतकेंच. पण कढई लोखंडाचीच हवी हें तिला पक्कें ठाऊक होतें.

नुसती मेंदी लावली तर पांढरे केस काळे न होतां नारिंगी होतात. मोहम्मद अली रस्त्यानें जाणारास नारिंगी दाढीचे वृद्ध आजही दिसतात. पिकलेल्या केसांस काळें करण्याविषयीं इस्लामी परंपरेंत नापसंती आहे, मेंदीस मात्र मान आहे. म्हणजे ती दाढी वय लपवीत नाहीं, उलट तें दुरूनच सांगते. भडक रंगाचें डोकें मुंबईस नवें नाहीं हें आमच्या ध्यानांत यावयास एवढीं वर्षें लागलीं.

युरोपांत 1856 मध्यें पर्किन नांवाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी क्विनीन बनवूं पाहत होता. त्याच्या हातीं लागला तो डांबरापासून निघालेला जांभळा रंग. त्याचे गुरु हॉफमन यांनीं 1863 मध्यें ज्या द्रव्याचें वर्णन केलें, त्यावर पुढें केशरंगांचा मोठा धंदा उभा राहिला. पॅरिसच्या शूलेर यांनीं 1907 मध्यें आपला रंग तयार केला व दोन वर्षांनीं कंपनी काढली, तीच आजची लॉरिआल. आमच्या पुडींतील काळेपणाही याच डांबराच्या वंशांतला. त्यानें कित्येकांच्या कातडीस दाह होतो, म्हणून अठ्ठेचाळीस तास आधीं कानामागें थेंबभर लावून पाहावें असें वेष्टणावर छापलेलें असतें. मुलीच्या रंगाची आम्हांस त्या दिवशीं जी भीति वाटली, ती स्वतःच्या पुडीविषयीं बारा वर्षांत एकदांही वाटली नव्हती, आणि तें वेष्टणही आम्हीं कधीं वाचलें नव्हतें.

आतां ज्या गोष्टीमुळें हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतों. आमच्या घरांत पणजीचें एक छायाचित्र आहे: अंगावर आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला. एकोणिसाव्या वर्षीं तिला वैधव्य आलें आणि त्यानंतर मरेपर्यंत ठरल्या दिवशीं न्हावी परसदारीं येत असे. केशवपनाविरुद्ध आगरकरांनीं सुधारकांतून लिहिलें, तेव्हां ती अगदीं लहान होती. 1890 मध्यें मुंबईच्या न्हाव्यांनींच सभा भरवून विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणार नाहीं असा ठराव केला. त्यामागें नारायण मेघाजी लोखंडे यांची खटपट होती. सुधारणेच्या इतिहासांत विद्वानांचे लेख आपण आवर्जून शिकवितों. ज्यांची रोजची मिळकत त्या वस्तऱ्यावर होती त्यांचा हा ठराव आम्ही स्वतः वर्गांत कित्येक वर्षें एका वाक्यांत उरकीत आलों, हें कबूल केलें पाहिजे. त्या ठरावाचा वारा आमच्या गांवापर्यंत पोंचला नाहीं. आमची आई नवी सून होऊन आली तेव्हां पणजी फार थकली होती. पण रोज दुपारीं ती सुनेला पुढें बसवून तिची वेणी घाली. वेणी झाली कीं पुष्कळ वेळ शेपटा हातांत धरून बसे. कोणी कांहीं बोलत नसे.

काळ्या केसांवर निळा रंग उमटत नाहीं, हें आमच्या कन्येनेंच आम्हांस समजाविलें. आधीं विरंजक चूर्ण व हायड्रोजन पेरॉक्साइड लावून केसांतील मूळचें कृष्णद्रव्य नाहींसें करावें लागतें. त्या वेळीं काळा केस प्रथम तांबूस, मग नारिंगी, मग पिवळा होत जातो. पिवळेपणा पुरता फिका होण्यापूर्वींच घाई केली तर निळ्याचें हिरवें होतें. केसांची मागील बाजू आपली आपल्याला दिसत नाहीं. ती तिच्या आईनें रंगविली होती, हें आम्हांस मागाहून कळलें. आम्हांस सोडून घरांत सर्वांस हा बेत ठाऊक होता.

वराहमिहिरापासून आमच्या पुडीपर्यंतची सारी खटपट केस जसे असावयास हवेत असें लोक मानतात तसे ते दाखविण्याची आहे, आणि पणजीचा वस्तराही लोकांसाठींच होता. आमच्या कन्येनें केस रंगविले ते कोणाची फसवणूक करण्यासाठीं नव्हे. निळे केस कोणाचेही जन्मतः नसतात, हें रस्त्यांतील पोरासही कळतें.

तिचा रंग दर न्हाणीगणिक उतरत आहे. सध्यां तो शेवाळी दिसतो. नोव्हेंबरचा आमचा रविवार आला तेव्हां आम्हीं पुडी फोडली नाहीं. डिसेंबरचाही तसाच गेला. भांगाच्या दोन्ही बाजूंस बोटभर पांढरें दिसूं लागल्यावर महाविद्यालयांतील शिपायानें फार आपुलकीनें चौकशी केली, "सर, तब्येत बरी नाहीं का?"