सुट्टी कोणाची? : त्रिनिदादच्या सुट्ट्यांच्या यादीतून

'सुट्टी' आणि 'सुटका' हे दोन्ही शब्द 'सुटणे' ह्या एकाच क्रियापदाच्या घरातले आहेत, ह्याचे भान आपणां मराठी भाषकांना रोजच्या व्यवहारात सहसा राहत नाही. कॅरिबियन बेटांवरील सहलींची माहितीपत्रके चाळताना मात्र ते पुन्हा जागे होते. निळा समुद्र, माडांची रांग, रमचा पेला आणि कोठलीही घाई नसलेला दिवस, असे त्या पत्रकांतील सुट्टीचे चित्र असते. ते खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या बेटांवर आपण कामातून सुटून जातो, त्यांच्यापैकी कित्येकांवर काम सोडून जाणे हा दीर्घकाळ दंडनीय गुन्हा होता. म्हणून बेटावर 'काय पाहावे, काय करावे' ह्या साध्या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडावा असे आम्हांस वाटते : ह्या बेटाने स्वतःची सुट्टी कशी मिळवली? त्रिनिदादपुरते त्याचे उत्तर शोधण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

त्रिनिदाद हे कॅरिबियन द्वीपमालेच्या दक्षिण टोकाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत असलेले बेट. ३१ जुलै १४९८ रोजी, तिसऱ्या सफरीत, कोलंबसाला ते दिसले आणि त्याने त्याला 'ट्रिनिटी'चे, म्हणजे ख्रिस्ती त्रैक्याचे नाव दिले. ह्या 'शोधा'ची सार्वजनिक सुट्टी तेथे दीर्घकाळ पाळली जात असे. १९८५ मध्ये ती रद्द झाली आणि तिच्या जागी १ ऑगस्ट हा मुक्तिदिन आला. १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली; त्यानंतरची सक्तीची 'उमेदवारी' १८३८ च्या १ ऑगस्टला संपली. पाहणाऱ्याचा दिवस गेला आणि सुटलेल्यांचा दिवस आला. कॅलेंडरातील एवढ्या एका फेरबदलात बेटाने आपला इतिहास कोणाच्या नजरेतून सांगायचा ह्याचा निर्णय नोंदवून ठेवला आहे.

त्रिनिदादला जाणारा बहुतेक प्रवासी कार्निव्हलसाठी जातो. ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधीचे सोमवार आणि मंगळवार पोर्ट ऑफ स्पेनचे रस्ते वेषधारी नर्तकांनी भरून जातात. सोमवारी पहाटेच्या अंधारात चिखल, तेल आणि रंग अंगाला फासून 'जुवे' सुरू होतो. गंमत अशी, की हे दोन दिवस सरकारी यादीत सार्वजनिक सुट्टी म्हणून नोंदलेले नाहीत. कचेऱ्या, शाळा, दुकाने बंद असतात ती रूढीने. १७८३ च्या स्पॅनिश फर्मानानंतर येथे आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांनी मुखवट्यांचे नाच आणले. गुलामांना त्यांत स्थान नव्हते. मुक्तीनंतर त्यांनी रस्ता ताब्यात घेतला आणि 'कॅम्बुले'ची मिरवणूक सुरू केली. जळत्या उसासाठी असलेल्या फ्रेंच शब्दांवरून हे नाव पडले. मळ्यातील आग विझवण्यासाठी ज्यांना मध्यरात्री हाकलत नेले जाई, त्यांनी त्याच मशाली आणि ढोल उत्सवाचे केले. १८८१ मध्ये पोलीसप्रमुख कॅप्टन बेकरने ही मिरवणूक मोडण्याचा प्रयत्न केला तेव्हा लाठ्यांची लढाई झाली. १८८४ पर्यंत कायद्याने तिची गळचेपी पूर्ण झाली. आज कार्निव्हलच्या आधीच्या शुक्रवारी भल्या पहाटे राजधानीत त्या दंगलीचे नाट्यरूप सादर होते. एकच प्रयोग पाहणे शक्य असेल, तर आम्ही हाच सुचवू.

ढोलांवर बंधने आली तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. १९३० च्या दशकात बांबूच्या जागी पत्र्याचे डबे आले, आणि पुढे तेलाच्या रिकाम्या पिंपांचे तळ ठोकून त्यांतून स्वर काढण्याची कला गरीब वस्त्यांत सिद्ध झाली. हेच स्टीलपॅन. आरंभी हे वाद्य वाजवणारी मुले गुंड समजली जात. १९९२ मध्ये ते राष्ट्रीय वाद्य झाले. २०२४ मध्ये देशाच्या राजचिन्हातील कोलंबसाची तीन जहाजे काढून तेथे स्टीलपॅन आणण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. कार्निव्हलपूर्वीच्या आठवड्यांत वाद्यवृंदांच्या अंगणात रात्री सराव चालतो. तेथे जाऊन ऐकत उभे राहावे. तयार कार्यक्रमापेक्षा तयार होणारे संगीत अधिक काही शिकवते.

पोर्ट ऑफ स्पेनसमोरच्या समुद्रात नेल्सन नावाचे चिमुकले बेट आहे. १८६६ पासून हिंदुस्थानातून आलेल्या करारबद्ध मजुरांना आधी येथे उतरवून तपासले जाई आणि मग मळ्यांवर वाटले जाई. त्यांचे पहिले जहाज 'फातेल रझाक' त्याही आधी, ३० मे १८४५ रोजी, सुमारे सव्वादोनशे माणसे घेऊन कलकत्त्याहून आले होते. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे अशी आली. त्यांतील बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातली. मराठी माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली, तशी येथे आली नाहीत. करार पाच वर्षांचा असे. मळ्याबाहेर पाऊल टाकायचे तर परवान्याची चिठ्ठी लागे आणि गैरहजेरीबद्दल फौजदारी शिक्षा होई. मालकाशी झालेल्या करारातील चूक हा राज्याविरुद्धचा गुन्हा ठरावा, ही ह्या व्यवस्थेची गुरुकिल्ली होती. ३० मे ही सार्वजनिक सुट्टी प्रथम १९९५ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी, दिली गेली.

ह्या मजुरांचा सर्वांत मोठा उत्सव होता 'होसे', म्हणजे मोहरमची ताजियांची मिरवणूक. तीत हिंदू मजूर सामील होत आणि आफ्रिकी वंशाचे ढोलकरीही. १८८४ मध्ये सरकारने ताजिये शहरात आणण्यास मनाई केली. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांडो शहराच्या वेशीवर पोलिसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. अनेक माणसे मेली, कित्येक जखमी झाली. कॅम्बुले आणि होसे ह्या दोघांची गळचेपी एकाच वर्षाशी येऊन ठेपावी, हा योगायोग नव्हे. उसाच्या भावांची घसरण चालू असताना मजूर रस्त्यावर एकत्र येतात, ह्याचे भय दोन्ही ठिकाणी तेच होते. आज सेंट जेम्स आणि सेड्रोस येथे होसे पाहता येतो. बांबू, कागद आणि चमकीचे ताजिये रात्रभर फिरवून अखेर पाण्यात सोडतात.

आता वॉटरलू गावच्या किनाऱ्यावर यावे. तेथे समुद्रात एक लहान देऊळ आहे. सिवदास साधू नावाच्या मळेमजुराने १९४७ मध्ये साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधले. कंपनीने जमीन मागितली, प्रकरण न्यायालयात गेले, साधूला दंड आणि कैद झाली, १९५२ मध्ये देऊळ पाडले गेले. सुटून आल्यावर त्याने ठरवले की जमीन आपली नसेल, तर समुद्रात बांधू. ओहोटीच्या वेळी सायकलवरून दगडमाती नेऊन त्याने सुमारे पंचवीस वर्षे भर घातली. आजची वास्तू १९९५ च्या सुमारास नव्याने उभारलेली आहे. छायाचित्रात ती रमणीय दिसते. पण तिथपर्यंत नेणारी वाट चालताना, पायाखालची जमीन एका माणसाने कामाच्या वेळेबाहेर निर्माण केली होती, हे लक्षात ठेवावे.

निसर्गस्थळे तरी इतिहासमुक्त असतील, असे वाटू शकेल. ला ब्रे येथील 'पिच लेक' हे नैसर्गिक डांबराचे सुमारे शंभर एकरांचे तळे आहे. त्याच्या पृष्ठभागावरून चालता येते. १५९५ मध्ये वॉल्टर रॅलेने येथील डांबराने आपली जहाजे लिंपली. पुढे देशोदेशींचे रस्ते त्याने झाकले गेले. त्याच दक्षिण भागात, फिझाबादच्या तेलक्षेत्रात, १९ जून १९३७ रोजी युरायाह बटलरच्या नेतृत्वाखाली संप पेटला. तो दिवस आज कामगारदिनाची सुट्टी आहे. कॅरोनीच्या दलदलीत संध्याकाळी नावेत बसून लाल आयबिस पक्ष्यांचे थवे झाडांवर उतरताना पाहणे हा खरोखरच अपूर्व अनुभव मानला जातो. त्याच कॅरोनीच्या मैदानावर उसाचे साम्राज्य होते. सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली आणि हजारो कामगार बेकार झाले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला चग्वानास गावचे 'लायन हाऊस' दाखवलेच पाहिजे. व्ही. एस. नायपॉल ह्यांचे हे आजोळ. 'अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास' (१९६१) मधील हनुमान हाऊसचा हाच नमुना. वर्गात ही कादंबरी शिकवताना घराची ओढ ही एका व्यक्तीची हौस म्हणून समजावली जाते. परंतु ज्याच्या पूर्वजांना मळ्याबाहेर पडायला चिठ्ठी लागे, त्याच्यासाठी स्वतःचे छप्पर हे सुटकेचेच रूप आहे. मोहन बिस्वास कर्जात बुडून का होईना, स्वतःच्या घरात मरतो. ह्या शेवटाचे वजन नेल्सन बेट माहीत असल्याशिवाय कळत नाही.

नायपॉल बेट सोडून गेले आणि परतले ते पाहुण्यासारखे. सेंट लुशियाचे डेरेक वॉल्कॉट ह्यांनी १९९२ च्या नोबेल व्याख्यानाचा आरंभ त्रिनिदादमधील फेलिसिटी गावच्या रामलीलेने केला. आपण तिच्याकडे आधी नाटक म्हणून, हरवलेल्या मूळ वस्तूची फिकट नक्कल म्हणून पाहिले, आणि मग लक्षात आले की खेळणाऱ्या मुलांसाठी ती श्रद्धा होती, असे त्यांनी तेथे मांडले. आपणां भारतीय प्रवाशांपुढे हाच सापळा अधिक मोठा असतो. तेथील दिवाळीकडे (ती १९६६ पासून सार्वजनिक सुट्टी आहे), चटणी संगीताकडे, 'डबल्स' ह्या चण्याच्या रश्श्यातील बाऱ्यांकडे 'आपलेच, पण थोडे बिघडलेले' अशा नजरेने पाहण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. बिघडलेले तेथे काहीच नाही. जे आहे ते तेथे घडलेले आहे.

मराठी वाचकाचा एक धागा मात्र खरा आहे. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर मार्च १९७१ मध्ये सुनील गावसकरांनी कसोटी पदार्पण केले. कर्णधार होते अजित वाडेकर. गोव्यात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी शतक काढले आणि वेस्ट इंडिजवरील भारताचा पहिला कसोटी विजय तेथे साकारला. त्या मालिकेनंतर त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरने गावसकरांवर कॅलिप्सो रचला. हरवणाऱ्याचे कौतुक गाण्यात बांधण्याइतके ते रस्त्यावरचे संगीत मोकळे होते.

ह्यावर असा आक्षेप येईल, की चार दिवस विसाव्याला जाणाऱ्याच्या डोक्यावर हा भार कशाला? आमचे उत्तर साधे आहे. माराकासच्या किनाऱ्यावर जावे, पोहावे, तेथील प्रसिद्ध 'बेक अँड शार्क' आवडत असल्यास खावे. फक्त जाण्याचा महिना ठरवताना विमानाच्या तिकिटांबरोबर त्या देशाच्या सुट्ट्यांची यादीही समोर ठेवावी. ३० मार्चला, १९१७ ते १९५१ बंदी असलेल्या शाउटर बॅप्टिस्ट पंथाची मुक्ती; ३० मेला आगमन; १९ जूनला संप; १ ऑगस्टला गुलामगिरीचा अंत. ह्यांपैकी कोणत्याही एका दिवशी तेथे असलो, तर आपली सुट्टी आणि त्यांची सुट्टी एकाच रस्त्यावर येतील. त्या दिवशी कडेला उभे राहून पाहावे, आणि कोणी हात धरून मिरवणुकीत ओढले तर जावे.