साथ, संशय आणि चाकरमानी

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही शहरे मुंबईतील नोकरीच्या आधाराने वाढली असल्यामुळे, मुंबईत साथ आली की संशयाची नजर प्रथम रेल्वेने ये-जा करणाऱ्यांवर पडते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग फैलावल्यावर शहर सोडून निघालेल्या प्रवाशांची कल्याण स्थानकावर वैद्यकीय तपासणी होऊ लागली आणि १८९७ च्या साथरोग कायद्याने अशा तपासण्यांना व सक्तीच्या विलगीकरणाला, म्हणजे संशयितांना इतरांपासून वेगळे ठेवण्याला, बळ दिले. हाच कायदा मार्च २०२० मध्ये राज्याने कोरोनासाठी लागू केला.

त्याच महिन्यात लोकल बंद झाल्या, तरी परिचारिका, सफाई कामगार, पोलीस यांची हजेरी चुकली नाही. १५ जून रोजी त्यांच्यासाठी निवडक गाड्या सुरू होईपर्यंत एसटी आणि बेस्टच्या बसगाड्यांवरच त्यांची भिस्त होती. कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ मध्येच पाडलेला आणि नवा अजून उभा राहायचा असल्यामुळे रस्त्यावरची कोंडी ठरलेलीच होती. त्यातच मे महिन्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी तिकडेच राहावे, रोज शहरात परतू नये, असा आदेश काढला. विरोधानंतर तो मागे पडला, परंतु दिवसभर रुग्णसेवा करून येणाऱ्या परिचारिकेला आपल्याच गावाने रोगवाहक मानल्याची नोंद त्यामुळे सरकारी कागदावर राहिली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाच्या दीर्घ ताणातून येणारा शक्तिक्षय, कामाविषयीची विरक्ती आणि घटलेली कार्यक्षमता यांची, जी व्याख्या केली, ती कामाच्या ठिकाणापुरतीच आहे, येथील थकवा मात्र निम्मा वाटेत आणि निम्मा सोसायटीच्या फाटकाशी साचला, असे म्हणावे लागते. उपचारांची सोय दूर होती असेही नाही, कारण ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. पण ‘ठाण्याला पाठवा’ ही थट्टा महाराष्ट्रभर रुळलेली असताना मन थकल्याचे उघडपणे सांगणे सोपे नव्हते.

जून २०२१ मध्ये राज्यातील आशा सेविकांनी, म्हणजे घरोघरी फिरून आरोग्यसेवा पोहोचवणाऱ्या मानधनी कार्यकर्त्यांनी, संप केला, तेव्हा वाढलेल्या कामाचा हिशेब जाहीरपणे मांडला गेला. तडजोड झाली ती दरमहा १,००० रुपये मानधनवाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता यांवर.