पाणी उजव्या हाताला

परवा ताईच्या मुलाने फोटो पाठवले. तो सध्या इंग्लंडमध्ये असतो. चार दिवसांची सुट्टी काढून मित्रांबरोबर आइल ऑफ वाइट नावाच्या छोट्या बेटाला किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्ण फेरी मारून आला. शंभर किलोमीटरच्या वर चालला म्हणे. रोज एका गावात मुक्काम, सकाळी पुन्हा पाठीवर पिशवी. फोटो सुंदर आहेत. खाली त्याने लिहिलं होतं, "मामा, आपल्या गोंदियाला समुद्र नाही ना, त्यामुळे तुम्हाला ही मजा कळायची नाही."

आता यावर गप्प बसणं शक्य नव्हतं. :-)

कारण मी दहा वर्षांचा असताना किनाऱ्याने तीन दिवस चाललोय. गोंदिया जिल्ह्यातच चाललोय. फरक एवढाच, की त्याच्या फेरीत बेट आत आणि पाणी बाहेर होतं. आमच्या फेरीत पाणी आत होतं, आणि त्या पाण्याच्या मधोमध एक बेट होतं. ही गोष्ट घरात अर्धीमुर्धी सगळ्यांनी ऐकलेली आहे. आज सलग लिहून ठेवतो.

साल १९७४, दिवाळीची सुट्टी. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हताच, सगळा भंडाराच. (गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला.) आईचं माहेर अर्जुनी मोरगावच्या बाजूचं. आजोबा निवृत्त शाळामास्तर. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि माझ्या मामेभावाला जाहीर केलं, "उद्या नवेगावबांधच्या तलावाला प्रदक्षिणा."

आम्हाला वाटलं, देवळाला घालतात तशी. तासाभरात घरी येऊ. तलावाचा घेर किती, तर इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये १७ मैल दिलाय. म्हणजे सत्तावीस किलोमीटर. आजीने तांदळाच्या भाकरी, लाखोळीच्या डाळीचं पीठ आणि चटणी बांधून दिली. चकल्या आम्ही चोरून घेतल्या. वाट दाखवायला तलावात मासे धरणारा ओळखीचा एक ढिवर बरोबर घेतला. आजोबांचा नियम एकच होता, पाणी कायम उजव्या हाताला ठेवायचं. प्रदक्षिणा म्हणजे प्रदक्षिणा.

निघताना त्यांनी आम्हा दोघांच्या खिशात मूठमूठ चिंचोके घातले. म्हणाले, "डोंगर संपून माणसाने घातलेली पाळ जिथे जिथे लागेल, तिथे एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचा. घरी आल्यावर दोघांचे मोजू."

हे काम सोपं वाटलं होतं. का नव्हतं, ते कळायला थोडा इतिहास सांगायला लागेल.

नवेगावबांधचा तलाव अकरा चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास विचारतो, "नैसर्गिक आहे ना?" नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं गॅझेटियरही सांगतं आणि गावही सांगतं. कोहळी ही आमच्याकडची तलाव बांधण्यात आणि ऊस-धान पिकवण्यात वाकबगार जमात. त्यांच्यात अशी कथा आहे, की चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला तेव्हा त्याने या लोकांना तिकडून आणलं. कथा खरी असो नसो, गोंड राजांचं धोरण मात्र तलावांना धरून होतं. जो तलाव बांधेल त्याला तलावाखालची जमीन. अशा देणगीला चांद्याकडे तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे, पण तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना त्या नावात एक तलाव दडलाय हे ठाऊक असेल?

या सगळ्या भागाला इंग्रज "नागपूरचा सरोवर प्रदेश" म्हणत. एकट्या जुन्या भंडारा जिल्ह्यात साडेतीन हजारांवर तलाव त्यांनी नोंदवले. आणि ते बांधायची रीतही त्यांनी लिहून ठेवलीय. बुटक्या डोंगरांच्या मधल्या खिंडी तेवढ्या मातीने बुजवायच्या. बाकीची भिंत डोंगरच होतो.

म्हणजे कोलू पाटलांचं खरं काम खोदणं हे नव्हतंच. हे सगळे डोंगर एकमेकांच्या हातात हात घालून उभे आहेत, फक्त मध्ये कुठेकुठे हात सुटलेत, हे त्या माणसाला दिसलं. ना नकाशा, ना दुर्बीण. पावसाळ्यात पाणी कुठून पळतं हे बघत तो किती वर्षं या डोंगरांतून हिंडला असेल, देव जाणे.

आजोबांना आम्हाला नेमकं हेच दाखवायचं होतं. तोंडाने सांगून आम्ही ऐकलं नसतं, म्हणून चिंचोके.

पहिल्या दिवशी मोठ्या पाळीवर मी झोकात एक चिंचोका इकडचा तिकडे केला. पुढे मात्र गोंधळ उडाला. पाळीवर जुनी झाडं. मुळांनी माती अशी धरलेली, की डोंगर कुठे संपला आणि पाळ कुठे सुरू झाली हे कळेचना. मामेभाऊ म्हणे ही पाळ, मी म्हणे हा डोंगर. मग भांडण. ढिवरकाका पुढे चालता चालता हसायचे आणि म्हणायचे, "पान्याले इचारा ना बाबू, पान्याले ठावं हाय!"

थंडी पडायला लागली होती. लांबवर बदकांचे थवे उतरायचे आणि उठायचे, त्यांचा आवाज पाण्यावरून उशिरा यायचा. काठाच्या धानाची कापणी चालू होती. पहिली रात्र आजोबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी, दुसरी एका शेतातल्या मांडवात, शेकोटीशेजारी. त्या रात्री जंगलातून काहीतरी ओरडलं. काय ते आजोबांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

शेकोटीपाशी त्यांनी सात बहिणींची गोष्ट सांगितली. तलावाभोवतीच्या सात डोंगरांना सात बहिणी म्हणतात. त्यांनी मदत केली म्हणून तलाव पुरा झाला अशी श्रद्धा आहे. आणि कोलू पाटील पुढे देवच झाले, कोलासूर. तिथल्याच एका डोंगरावर त्यांचं ठाणं आहे. तलाव बांधणाऱ्या माणसाचा देव होतो हे मला तेव्हा फार आवडलं होतं. आमच्या शाळेच्या पुस्तकात नुसते लढाया जिंकणारे होते.

आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तेव्हा अर्धीच कळली. या तलावांना सरकारी कागदात माजी मालगुजारी तलाव म्हणतात. त्याचं बोलण्यात झालं मामा तलाव. (मी मोठा होईपर्यंत समजत होतो, की आपल्या मामाच्या गावाला आहेत म्हणून मामा तलाव!) पण मालगुजारीचा हक्क इंग्रजांनी पक्का केला १८६० च्या दशकात. तलाव त्याच्या दीडशे वर्षं आधीचा. म्हणजे नाव शेवटच्या मालकाचं, बांधणाऱ्याचं नाही. आजोबा लहान असताना त्यांच्या गावच्या तलावावर पावसाळ्याआधी घरटी एक माणूस पाळीवर माती टाकायला जायचा. ते या आठवणीला साखर लावत नसत. "राजीखुशीने जाणारे होते, आणि पाटलाच्या धाकाने जाणारेही होते," म्हणायचे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले. धाक गेला हे उत्तमच झालं. पण धाकाबरोबर पाळीवर माती टाकणंही गेलं, आणि पाण्यावर हक्क कुणाचा, पट्टी कुणी भरायची, यावर वाद सुरू झाले. पूर्व विदर्भातल्या सहा-सात हजार तलावांपैकी कितीतरी तलाव मग हळूहळू गाळाने भरत गेले.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना आजोबांनी पाण्याच्या मधलं बेट दाखवलं. मालडोंगरी. मी हट्ट धरला, तिथे जाऊ. म्हणाले, "पुढच्या दिवाळीला."

पुढची दिवाळी आलीच नाही तशी. १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. काठाकाठाने मनाला येईल तसं तीन दिवस भटकायचे दिवस संपले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती बदकं आणि रात्री ओरडलेलं ते जनावर, त्यांचाही तो काठ आहे. मारुती चितमपल्लींच्या "नवेगावबांधचे दिवस"मधून हे जंगल पुढे पुष्कळांच्या घरात पोचलं. कोलू पाटलांच्या घराण्यातले म्हणून ओळखले जाणारे माधवराव पाटील डोंगरवार यांना ते जंगलातले आपले गुरू मानत. जून २०२५ मध्ये चितमपल्ली गेले, तेव्हा मी पहिला फोन मामेभावाला केला होता.

आता चिंचोक्यांचं. घरी आल्यावर ओसरीवर मोजले. दोघांचे आकडे जुळले नाहीत. आजोबा म्हणाले, "मी तीनदा मोजलेत. तीन वेळा वेगळे आले." मग आम्ही ते चिंचोके भाजून खाल्ले.

आजी स्वयंपाकघरातून ऐकत होती. सात बहिणींचा विषय निघाला तेव्हा तिथूनच म्हणाली, "डोंगर कशाला मदत करतील? मातीच्या पाट्या बायांनीच वाहिल्या असतील. नावं कोणी लिहिली नाहीत, म्हणून डोंगराला बहिणी म्हटलं." याला पुरावा काही नाही. इतिहासाच्या कुठल्या पुस्तकात हे मिळणार नाही. पण तो तलाव बघितला की मला कोलासुराच्या आधी आजीचं हे वाक्य आठवतं.

मागच्या हिवाळ्यात आईला घेऊन नवेगावला गेलो. ती आता शहाऐंशीची आहे. गाडीत म्हणाली, "तेव्हा तुम्ही सगळे गेलात. मी आणि आई मागे राहिलो, भांडी घासत." मी पन्नास वर्षं ही गोष्ट मिरवत होतो, आणि तिला चल म्हणायचं तेव्हा कुणालाच सुचलं नव्हतं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

पाळीवर मी तिचा हात धरला. तिने हात सोडवून घेतला आणि दुसऱ्या बाजूला आली, पाणी तिच्या उजव्या हाताला येईल अशी. सावकाश, थांबत थांबत दोनशे पावलं चालली असेल. मग काठी टेकून म्हणाली, "यातला डोंगर कुठला आणि माणसाने घातलेली माती कुठली?"

मला सांगता आलं नाही.

असो. भाच्याला हे सगळं वाचायला पाठवतोय. आणि मामेभाऊ हे वाचत असेल तर त्याने आपला चिंचोक्यांचा आकडा आठवून कळवावा. माझा मी विसरलोय.