ठासणीची, काडतुसाची आणि कमरेची

आमच्या माजघरात देव्हाऱ्याच्या वरच्या अंगाला दोन सागवानी खुंट्या आहेत. आता त्यांवर छत्री आणि जुने इरले टांगलेले असते. पण 1998 सालापर्यंत त्यांवर वडिलांची ठासणीची बंदूक आडवी असायची. दसऱ्याला नांगर, कोयता, पहार यांच्याबरोबर तिलाही हळदकुंकू लागायचे. आम्हा पोरांना तिला हात लावायची बंदी होती.

वडील वारले आणि ती बंदूक ठाण्यात जमा झाली. त्यानंतर माझ्यावर जो प्रश्न आला, तो आमच्या मुरूड तालुक्यात पूर्वी फार थोड्यांवर आला असेल. पहिले हत्यार कोणते घ्यावे? ठासणीची, काडतुसाची, की कमरेला लावायचे रिव्हॉल्व्हर? त्या निवडीची गोष्ट सांगायची तर थोडे मागून सुरू करावे लागेल.

आमच्या किनाऱ्याला बंदूक नवी नाही. समोर पाण्यात सिद्दीचा जंजिरा, त्यावर कलालबांगडी तोफ. वर अलिबागला आंग्र्यांचा कुलाबा किल्ला. मध्ये रेवदंडा आणि कोर्लई, तिथे 1740 पर्यंत पोर्तुगीज होते. त्यांची भाषा कोर्लईत मोडक्यातोडक्या रूपात आजही बोलतात. आपण ‘काडतूस’ म्हणतो तो शब्द त्यांचाच, ‘पिस्तूल’ही तिकडूनच आले. म्हणजे हत्यार तर आलेच, नावही होडीतूनच उतरले. पण हे सगळे किल्ल्यावरचे. कुळवाड्याच्या घरात होती ती कुऱ्हाड, कोयता आणि फार तर भाला.

पुढे इंग्रज आले आणि 1878 साली लॉर्ड लिटनने हत्यारांचा कायदा केला. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचे नाही. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट. आमच्याच जिल्ह्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके दुसऱ्याच वर्षी, 1879 ला, रामोश्यांना घेऊन उठले. त्यांना माणसे मिळाली, पण चांगली हत्यारे आणि पैसा शेवटपर्यंत पुरला नाही. पकडले गेले आणि 1883 साली एडनच्या तुरुंगात वारले. त्या कायद्यातून एक मुलूख मोकळा होता, तो म्हणजे कुर्ग, आताचे कोडगू. तिथल्या लोकांना परवान्याची सूट मिळाली आणि ती अजून चालू आहे. आमच्याकडे तसे भाग्य नव्हते.

गांधीजींनी 1930 च्या जानेवारीत व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर उठवा ही त्यातली सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच यादीत स्वसंरक्षणासाठी हत्यारांचे परवाने द्यावेत, त्यावर लोकांचा ताबा असावा, अशीही एक मागणी होती. अहिंसेचा माणूस ही मागणी का करतो, असा प्रश्न मला पडायचा. मग उत्तर मिळाले ते चिरनेरला. त्याच वर्षी 25 सप्टेंबरला उरण तालुक्यातल्या चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला. लोकांकडे कोयते-कुऱ्हाडी आणि पोलिसांकडे बंदुका. गोळीबार झाला, आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. मामलेदार जोशीही गोळी लागून गेले. एका बाजूलाच बंदूक असली की काय होते, ते आमच्या जिल्ह्याने पाहिले आहे.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा आला. त्यात शेतकऱ्यासाठी वेगळी वाट ठेवली आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक कोणी खरोखर मागत असेल, आणि त्याच्यावर बाकी काही दोष नसेल, तर परवाना द्यावा असे कायदा म्हणतो. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही असे अधिकाऱ्याला पटले तर साध्या नळीची, वीस इंचांपेक्षा आखूड नसलेली काडतुसाची बंदूकही देता येते. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मात्र या वाटेने येत नाही. त्यासाठी जिवाला धोका किंवा तसेच सबळ कारण दाखवावे लागते. म्हणजे कायद्यानेच भेद केला आहे. लांब नळीची डुकरासाठी, आखूड नळीची माणसासाठी.

वडिलांची बंदूक या पिकाच्या परवान्यावरची. ती चालवणे म्हणजे एक कामच. आधी नळीत मोजून दारू घालायची, वर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा. घोडा अर्धा ओढून खाली टोपी बसवायची. मग नेम. पावसाळ्यात दारू सर्दावली तर बार फुसका जायचा. एकदा बार काढला की पुन्हा भरायला दोन-तीन मिनिटे सहज जात. भात कापून झाले की आम्ही वाल पेरतो, माघात शेंगा भरतात आणि डोंगरातून डुकरांचे कळप उतरतात. वडील माळ्यावर बसत, बहुतेक वेळा हवेत बार काढत. आवाजानेच काम व्हायचे.

1971 च्या माघातली गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतो. त्या रात्री वडील माळ्यावर होते आणि पहाटे धाकटे काका पाळी बदलायला निघाले. वाऱ्याने कंदील विझला, तसेच ते बांधावरून वालात शिरले. वडिलांना सळसळ ऐकू आली. तीन रात्री डुकरांनी वाल उकरून टाकला होता, माणूस चिडलेला. त्यांनी आवाजाच्या रोखाने बार काढला. पाठोपाठ हाक आली, “दादा, मी हाय!”

काकांच्या डाव्या पोटरीत आणि मांडीत छर्रे गेले. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेले. जबाब झाले, बंदूक कित्येक महिने ठाण्यात राहिली. माझी तक्रार नाही असे काकांनी लिहून दिले. बरेच छर्रे निघाले, तीन आतच राहिले. काका पुढे आयुष्यभर पाय किंचित ओढत चालले. वडिलांनी मात्र नंतर कधी जमिनीच्या रोखाने नळी धरली नाही. एकदाच मला म्हणाले होते, “ती हाक यायच्या आधी माझा हात दुसऱ्या बाराला गेला होता. बंदूक रिकामी होती म्हणून तुझा काका वाचला.”

हे सगळे मी विसरलो नव्हतो. पण माणूस विसरल्यासारखा वागतो, ते पुढे सांगतो.

1998 ला वडील गेले. त्या सुमारास अलिबागकडून जमिनीच्या खरेदीचे वारे आमच्याकडे पोचले होते. वरकसाचा एक तुकडा मी मुंबईच्या एका गृहस्थांना विकला. पहिल्यांदाच हातात मोठी रक्कम आली. आणि त्याच वर्षी काकांच्या थोरल्या मुलाशी, म्हणजे माझ्या चुलतभावाशी, खलाटीतल्या बांधावरून वाजले. जोवर जमिनीला भाव नव्हता तोवर बांध कुठे आहे हे कोणी विचारले नव्हते. लावणीच्या दिवसात शब्दाला शब्द वाढला. मी फावडे उगारले. बायकांनी मध्ये पडून दोघांना ओढून नेले.

व्यवहार जमवणारा दलाल तेव्हा घरी यायचा. त्याने सल्ला दिला. “बापाच्या बंदुकीचा वारस परवाना कशाला मागता? रिव्हॉल्व्हर मागा. पैसा आलाय, जिवाला धोका आहे असे लिहा. कमरेला दिसले की बांध कोणी कोरत नाही.” खोटे कशाला बोलू, मला ते पटले. डुकरांचा विचार माझ्या डोक्यात नव्हताच.

परवान्याआधी हत्यार विकत मिळत नाही, पण पाहायला कोण अडवतो? मुंबईला एका दुकानात गेलो. दुकानदार वयस्कर, सभ्य माणूस. त्याने काचेवर दोन हत्यारे ठेवली. एक एकनळी बारा बोअर. बारा बोअर म्हणजे काय, तेही त्यानेच सांगितले. नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून बारा. दुसरे कानपूरच्या सरकारी कारखान्यातले बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर. नळी चार बोटांची, मध्ये फिरते चक्र, त्यात सहा घरे. अमेरिकेत कोल्ट नावाच्या माणसाने 1836 साली असल्या फिरत्या चक्राचे पेटंट घेतले. तेव्हापासून थोडाफार फरक सोडला तर मूळ कल्पना तीच. दर बाराला पुन्हा भरत बसायला नको, चाप ओढत राहायचा.

मी रिव्हॉल्व्हर हातात घेतले. वजन एका नारळापेक्षा कमी. किमतीत बैलजोडी घेऊन पैसे उरले असते. दुकानदाराने विचारले, “कशासाठी हवे?”

मी म्हटले, “डुकरे फार झालीत.”

तो हसला नाही. म्हणाला, “रात्री, वीस-पंचवीस पावलांवर पळणारे डुक्कर याने लागणार नाही. नवशिक्याला तर दहा पावलांवरही कठीण. हे जवळच्यासाठी असते. तुमच्या जवळ कोण येते?”

बोटीने रेवसला उतरलो, तिथून एसटी धरली, तरी ते शेवटचे वाक्य डोक्यातून जाईना. माझ्या जवळ येणारा, ज्याच्यासाठी मी हे घेणार होतो, तो एकच होता आणि त्याला मी लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेले होते.

तरी अर्ज आणला. ‘कोणते हत्यार’ आणि ‘कशासाठी’ हे दोन रकाने कोरे ठेवून तो तसाच घरात पडून राहिला. ही बातमी काकांच्या कानावर गेली असावी. एका संध्याकाळी ते स्वतःच आले. भांडण झाल्यापासून त्या घरातले कोणी आमची पायरी चढले नव्हते. ओटीवर बसले, चहा घेतला. मग धोतर वर करून पोटरी पुढे केली.

“हात लाव,” म्हणाले.

कातडीखाली वाटाण्याएवढे काहीतरी सरकत होते.

“हा तुझ्या बापाचा बार. एकच होता. तू म्हणे साचं घेतोयस. पयला बार चुकून लागंल, पाच कुणाला मारशील?”

मी काही बोललो नाही. ते पुढे म्हणाले, “बांध मोजून घे. पोराला मी सांगतो. मोजणीची फी अर्धी माझी.”

दुसऱ्या दिवशी मी रकाने भरले. हत्यार: एकनळी बारा बोअर. कारण: पीक संरक्षण. ठाण्याची चौकशी, तलाठ्याचा दाखला, जिल्ह्याच्या फेऱ्या यांत चौदा महिने गेले. आमच्या किनाऱ्यावर चौकशी कडक असणे रास्तच होते. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीला रात्री होड्यांतून माल उतरला आणि 12 मार्चला मुंबई हादरली. त्यानंतर किनाऱ्यावरच्या माणसाने हत्यार मागितले की साहेब दोनदा वर पाहणारच. अगदी 2022 च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला भरकटत आलेल्या बोटीत रायफली सापडल्या, तेव्हाही साऱ्या जिल्ह्यात नाकाबंदी झाली होती.

परवाना येण्याआधीच मोजणी झाली. भूमी अभिलेखचा माणूस आला, साखळी लागली, खुणा रोवल्या. निकाल असा की दगड चुलतभावाने सरकवलाच नव्हता. उलट दीड हात जागा मीच वहिवाटीत धरून होतो, बहुधा वडिलांच्या काळापासून. ज्या बांधासाठी मी कमरेला सहा गोळ्या लावायला निघालो होतो, तो बांध माझा नव्हताच. चुलतभाऊ एवढेच म्हणाला, “राहू दे, यंदाचे पीक काढून घे.” मी नाही काढले.

काका 2006 ला गेले. एकनळी अजून आहे, पण माझ्या हयातीत तिने एकही डुक्कर मारलेले नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने रानडुकराला हात लावायचा तर वनखात्याची परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत वाल संपतो. हवेत बार काढला की कळप दोन रात्री येत नाही, तिसऱ्या रात्री येतो. दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करायची, पावती जपायची, आचारसंहिता उठली की परत आणायची. खुंट्यांवर ती ठेवत नाही, कुलपाच्या कपाटात असते.

आता मुलाने वाडीत पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. मागच्या वर्षी तोही म्हणाला, “बाबा, रात्री-अपरात्री अनोळखी लोक येतात, एखादे रिव्हॉल्व्हर असावे का?” कानपूरने 2014 साली काढलेल्या अर्ध्या किलोच्या ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरचे त्याने कुठेतरी वाचले होते. आता कायद्याने माणशी दोनच हत्यारे ठेवता येतात, परवाना पाच वर्षांचा झाला आहे, आधी शिकून दाखला घ्यावा लागतो. हे सगळे मी त्याला सांगितले. घेऊ नको असे मी म्हटले नाही. जिवाला खरा धोका असलेली माणसेही असतात, त्यांचे त्यांनी ठरवावे. मी त्याला एवढेच विचारले, की अर्जातला ‘कशासाठी’ हा रकाना तू काय लिहून भरणार? आणि लिहिशील ते माझ्यासमोर मोठ्याने वाचून दाखवशील का?

त्याने फाटकाला दिवा बसवला आणि एक कुत्रा आणला. अर्ज अजून तरी आणलेला नाही.