वेग, खाडा आणि पिशवी

साहित्यातील पात्राच्या कृतीचे कारण शोधताना आपण बहुधा त्याच्या मनाकडे वळतो. संस्कार, श्रद्धा, सूड, प्रेम, अपराधभाव अशी कारणांची यादी आपल्याजवळ तयारच असते. त्या दिवशी ते पात्र उपाशी होते काय, त्याला झोप मिळाली होती काय, त्याचे पोट दुखत होते काय, हे प्रश्न समीक्षेला काहीसे हलके वाटतात. वास्तविक शरीराचे व्यापार माणसाच्या इच्छेवर आणि वर्तनावर सत्ता चालवतात, हा विचार फार जुना आहे. त्याचा इतिहास पाहताना आम्हांला एक गोष्ट विशेषत्वाने जाणवते. शरीराची कोणती निकड 'कारण' म्हणून मान्य करावयाची आणि कोणती त्या माणसाचा 'निर्णय' म्हणून त्याच्याच माथी मारावयाची, हे पुष्कळदा त्याच्या श्रमाच्या अटी ठरवतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच 'नवेगान्धारणीय' असे आहे. वेग म्हणजे शरीराला आतून येणारी निकड. मल, मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप, श्रमाने लागलेली धाप अशा एकूण १३ वेगांची तेथे गणना केली असून, ते अडवल्याने होणारे विकार सांगितले आहेत. त्याच अध्यायात अडवावयाच्या वेगांचीही यादी आहे. लोभ, भय, क्रोध, मत्सर, कठोर वाणी, हिंसा, चोरी हे ते वेग. माणसाच्या निश्चयाने कोठे काम करावे आणि कोठे शरीराला वाट द्यावी, याची ही आखणीच म्हणावयाची. या यादीत शुक्राचा वेग आहे, मासिक स्राव मात्र नाही. तो इच्छेने रोखता येत नाही, हे त्याचे एक कारण असू शकेल. तथापि यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरुषाचेच शरीर होते, असेही म्हणता येईल.

युरोपात स्त्रीच्या शरीराकडे लक्ष गेले, पण ते वेगळ्या रीतीने. गर्भाशयवाचक ग्रीक शब्दावरून 'हिस्टेरिया' ही संज्ञा आली आणि स्त्रीच्या अनाकलनीय वर्तनाचा उगम दीर्घकाळ तिच्या गर्भाशयात शोधला गेला. पुढे १८८४ मध्ये विल्यम जेम्स याने भावनेचा नेहमीचा क्रमच उलटा करून मांडला: शरीरात आधी बदल होतो आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज याने उपासमारीचा प्रयोग केला. सद्सद्विवेकाच्या कारणाने शस्त्र धरण्यास नकार दिलेले ३६ तरुण त्यात स्वेच्छेने सामील झाले होते. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले. ते चिडखोर व एकलकोंडे झाले. त्यांच्या बोलण्यात, स्वप्नांत अन्नच येऊ लागले. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. तत्त्वासाठी सैन्याला नकार देणाऱ्यांच्या मनाचाही ताबा पोटाने घेतला.

हा इतिहास आपल्याकडे कोठे येऊन पोहोचतो, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. बारामती तालुक्यातील सोमेश्वरनगर हे सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेले गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी या अवर्षणग्रस्त पट्ट्यात खेळू लागले आणि ऊस आला. शेजारच्या इंदापूर तालुक्यात १९३० च्या दशकात वालचंदनगर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने निघाले. ज्यांच्या जमिनीला असे पाणी मिळाले नाही, ती बीडसारख्या जिल्ह्यांतील माणसे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील अशा कारखान्यांच्या परिसरात येतात आणि उन्हाळ्यापर्यंत ऊस तोडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. दोन शरीरांची गणना एका हत्याराने करणारी ही भाषा लक्षात घेण्याजोगी आहे.

फडावर बाईचा दिवस पहाटेआधी सुरू होतो. चूल, पाणी आणि मुले आटोपून ती तोडीला लागते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. वाहन रात्री आले तर भरणीही रात्रीच होते. कोपीजवळ न्हाणी किंवा शौचालय असेलच असे नाही. म्हणून पाणी बेताने प्यावयाचे आणि अंधार पडेपर्यंत थांबावयाचे. चरकाने अडवू नयेत म्हणून सांगितलेले कितीतरी वेग येथे रोजच्या रोज अडवले जातात. पाळीत पोट दुखले म्हणून बसावे तर तो खाडा होतो. खाड्याच्या दंडाची रक्कम दिवसाला ५०० रुपयांपर्यंत गेल्याचेही वृत्तांतांत आले आहे. हा पैसा उचलीच्या हिशेबात चढतो.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय वृत्तपत्रांतून पुढे आला. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत देशभरातील १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते.

या बायका स्वतः 'पिशवी काढली' असे म्हणतात. पिशवी ही वस्तू आहे. ती रिकामी होते, अडचण करते, काढून ठेवता येते. भाषेनेच येथे शस्त्रक्रियेची अर्धी तयारी करून ठेवली आहे. बाईला विचारावे तर आपणच ठरवले, असे ती सांगेल. कागदावर तिचा अंगठा अथवा सहीही असेल. परंतु त्या ठरवण्यामागे अडवलेले वेग आहेत, अस्वच्छतेतून होणारे जंतुसंसर्ग आणि अंगावरून जाणे आहे, खाड्याची धास्ती आहे, उचलीचे ओझे आहे, आणि पुष्कळदा डॉक्टरने घातलेली कर्करोगाची भीती आहे. त्यावर पुन्हा शरीराचे उत्तर येतेच. बीजांडकोशही काढले गेल्यास अंतःस्रावांचे प्रमाण एकाएकी घटते. झोप उडते, अंगातून वाफा येतात, हाडे झिजू लागतात, मन खचते. तो खचलेपणा मग तिचा स्वभाव म्हणून मोजला जातो.

एकेकाळी स्त्रीच्या वर्तनाचा दोष गर्भाशयावर ठेवला गेला. येथे तिची हजेरी अखंड राहावी म्हणून गर्भाशयच काढले गेले. दोन्ही ठिकाणी शरीरच अपराधी ठरले, कामाची रचना सुटली. चरकाने अडवावयाच्या वेगांत लोभाचे नाव घातले होते, याची आठवण अशा वेळी होते.

मराठी दलित आत्मकथनांनी भुकेला हेतूच्या जागी आणून बसवले, हे त्यांचे मोठे वाङ्मयीन कार्य होय. 'बलुतं' (१९७८) किंवा 'अक्करमाशी' (१९८४) वाचताना माणसाच्या वागण्याचे मूळ पोटात शोधावे लागते आणि त्यामुळे त्याची प्रतिष्ठा उणावत नाही. त्या वाचनाची सवय झालेल्या अभ्यासकाने 'तिने ठरवले' हे वाक्यही तसेच वाचले पाहिजे. त्यातील कर्ता कोण, हा प्रश्न व्याकरणाने सुटणारा नाही.