रंगावरचा लेप

खंडेनवमीच्या दिवशी आपल्याकडे शस्त्रे आणि अवजारे पुजतात. कर्नाटकात तीच आयुधपूजा होय. पण बंगळूरसारख्या नगरात तिचा खरा मान आता वाहनांकडे गेला आहे. त्या दिवशी के. आर. पुरमच्या रस्त्याने जावे, तर लॉऱ्यांपासून रिक्षांपर्यंत प्रत्येक वाहनाला केळीचे खुंट बांधलेले, झेंडूचे हार घातलेले, चाकांखाली लिंबे ठेवलेली आणि दारोदार कोहळे फोडलेले दिसतात. एका वर्षी या मानकऱ्यांत आमचीही जुनी गाडी होती. आठच दिवसांपूर्वी तिला नवा रंग दिला होता. रंगाऱ्याने ‘महिनाभर हिला मेण लावू नका, घासू नका’ असे बजावले होते. परंतु सणाच्या हौसेपुढे तो उपदेश आम्ही मनावर घेतला नाही. आदल्या संध्याकाळी मेण चढविले, आणि पूजेनंतर ओले हार रात्रभर तसेच टपावर राहू दिले. सकाळी पाहतो तो, जेथे फुले होती तेथे मळकट डाग उमटलेले. ते काढण्यासाठी आम्ही पॉलिशचा मसाला घेऊन जोर लावला. डाग गेले, पण दाराच्या कडेला एक बोटभर जागा कायमची निस्तेज झाली.

हा प्रमाद सर्वस्वी आमचाच. मात्र त्यामुळे एक प्रश्न मनात घर करून राहिला. आमच्या वडिलांच्या पिढीतील माणसे आपल्या गाड्या दर रविवारी घासत. त्यांच्या गाड्या टिकल्या, मग आमची का बिघडावी? याचे उत्तर रंगाच्या इतिहासात आहे.

रंगावर पारदर्शक लेप देऊन त्याचे रक्षण करणे ही कल्पना आपणांस परकी नाही. सावंतवाडीचे गंजिफाकार कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडू यांचे थर देत, गुळगुळीत दगडाने ते घोटीत, त्यावर दशावतारांची चित्रे काढीत आणि शेवटी लाखेचे रोगण चढवीत. हातोहात फिरणारे ते पान त्या रोगणामुळेच टिके. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियारांनाही गंजिफाचे मोठे वेड होते, आणि कृष्णराज हेच राजनाम आमच्या या पुरमच्या नावात आहे. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरील चन्नपट्टणचे कारागीर आजही फिरत्या लाकडावर रंगीत लाख दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि मग केवड्याच्या जातीच्या वाळल्या पानाने तिला चकाकी आणतात. याच लाखेच्या आधारावर १९३७ साली म्हैसुरात संस्थानचा लाख व रंगांचा कारखाना निघाला. मतदानाच्या वेळी आपल्या बोटाला लागणारी शाई १९६२ पासून तोच कारखाना पुरवीत आला आहे.

मोटारीचा रंग मात्र घोड्याच्या बग्गीकडून आला. जवसाचे तेल आणि राळ यांचे वॉर्निश थरावर थर द्यावयाचे, प्रत्येक थर वाळू द्यावयाचा, दगडाच्या बारीक पुडीने पाण्यात घासावयाचा आणि पुन्हा पुढचा थर द्यावयाचा. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. हेन्री फोर्डने आपली प्रसिद्ध टी गाडी १९१४ ते १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगात दिली, त्याला या विलंबाचीच पार्श्वभूमी होती. स्वस्त आणि टिकाऊ काळे रोगण भट्टीत लवकर वाळे. पहिल्या महायुद्धानंतर स्फोटक द्रव्यांच्या कारखान्यांना नवे काम हवे होते. कापसावर आम्लांची क्रिया करून मिळणाऱ्या नायट्रोसेल्युलोजपासून ड्यूपाँ कंपनीने १९२३ च्या सुमारास ‘ड्यूको’ हे रोगण मोटारींसाठी आणले, आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. पण ते फवाऱ्यातून उतरे तेव्हा मंद दिसे. घासल्यावाचून त्याला तेज येत नसे. रविवारी गाडी घासण्याची चाल या जातीच्या रंगांबरोबर रुजली.

आपल्या देशात मोटारीचा कारखाना काढावा म्हणून सर विश्वेश्वरय्यांनी म्हैसूर संस्थानात खटपट केली. परकीय सत्तेच्या उदासीनतेमुळे ती फळास आली नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना उभारला, तो आमच्या पुरमपासून फार दूर नाही. मोटारींसाठी मात्र त्यांना मुंबई गाठावी लागली. १९४४ साली स्थापन झालेल्या त्यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी पुढे कित्येक मराठी अधिकाऱ्यांच्या दारात उभ्या राहिल्या. त्या गाड्यांवर रंग आणि तेज एकाच थरात असे. त्यांना पॉलिश केले की फडक्याला गाडीचाच रंग लागे. मालकाला आपण काय खर्च करीत आहोत हे डोळ्यांनी दिसे, आणि हात आपोआप आखडे.

१९८० नंतरच्या काळात रंग आणि तेज यांची फारकत झाली. खाली रंगाचा पातळ, निस्तेज थर, आणि त्यावर पारदर्शक लेप, ज्याला गॅरेजात क्लिअरकोट म्हणतात. तेज वरच्या लेपाचे. उन्हातील अतिनील किरण अडविण्याचे कामही त्याचेच. हा लेप साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो, आणि कडांवर तर आणखी पातळ. तो घासला असता फडके स्वच्छच राहते. काही गेले असे वाटतच नाही, आणि एके दिवशी खालचा रंग उघडा पडतो. जुन्या पिढीला तिचा फडका सावध करीत असे. आम्हांस सावध करणारे काहीच उरलेले नाही.

दुसरा फरक वाळण्याचा. कारखान्यात गाडीचा सांगाडा सुमारे १४० अंशांच्या भट्टीतून जातो आणि लेप तेथेच पक्का होतो. दुरुस्तीच्या गॅरेजात मात्र पूर्ण जोडलेली गाडी असते; तिचे रबर आणि प्लास्टिक जपायचे, म्हणून फार तर ६० अंश, आणि पुष्कळ ठिकाणी केवळ उघडी हवा. तेथे लेपात मिसळलेल्या हार्डनरची क्रिया स्पर्शाला कोरडे लागल्यावरही कित्येक दिवस चालू राहते, आणि उरलेले द्रावक हळूहळू बाहेर पडते. तेवढ्यात वर मेणाचे झाकण घातले तर ते आतच अडकते. लेप मऊ राहतो आणि फुलांचा रस, पक्ष्यांची विष्ठा, बोअरच्या जड पाण्याचे क्षार यांना सहज वश होतो. म्हणूनच रंगाऱ्याची महिन्याची मुदत. त्या मुदतीत भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मऊ फडक्याने अलगद टिपावे, सावलीत ठेवावे; पण चिकाच्या झाडाखाली नव्हे. पुढेही मसाला लावायचा तो दोष दिसला तरच, आणि कडांना हात न लावता.

बदलीच्या नोकरीतील माणसाला थांबण्याची सवय कमी असते. नवे घर, नवी शाळा, नवी भाषा, सारे त्याला पंधरा दिवसांत लावून टाकावेसे वाटते. आमचेही तसेच झाले होते. बग्गीच्या रंगाऱ्याचे आठवडे यंत्राने वाचविले हे खरे. पण एखादा महिना अजून द्यावाच लागतो, आणि तो मालकाने द्यायचा असतो.

आता आमच्या घरी खंडेनवमीला हळदकुंकू गाडीच्या काचेवर वाहतात, आणि हार दिवेलागणीपूर्वी उतरवितात. दाराच्या कडेचा तो निस्तेज पट्टा आम्ही तसाच ठेवला आहे.